वहीतली माणसे

गोदेच्या काठी रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय पहिला प्रश्न विचारतो तो गावाचा आणि दुसरा आडनावाचा. तेवढ्यावर तो आपल्या घरातील शेकडो वह्यांतून नेमकी एक वही काढतो, आणि समोरच्या माणसाला त्याच्या आजोबाची, पणजोबाची, कधी त्याच्याही मागच्या पुरुषाची सही दाखवतो. कोण कधी आला, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या, मुले किती, भाऊ किती, हे सारे तेथे मोडीत, नंतर बाळबोधीत लिहिलेले असते. नाशिकची आणि त्र्यंबकेश्वराची ही नामावळीची परंपरा पिढ्यान् पिढ्यांची आहे. माणूस शोधण्याची इतकी सोपी रीत सरकारी कचेऱ्यांनाही साधलेली नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी आपला मूळपुरुष शोधायचा म्हटले की ही वही लगेच संपते. ज्या थोड्या घरांतील पूर्वज ब्राह्मण, मराठा वा माळी समाजातून ख्रिस्ती झाले, त्यांची नोंद बाप्तिस्म्याच्या आधीच्या पिढीपर्यंत तेथे मिळू शकते. पुढे पान कोरे. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे मात्र ज्या समाजांतून आली, त्यांना रामकुंडाच्या पायऱ्यांवरही मज्जाव होता. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ज्यांना देवळात आणि कुंडात प्रवेश नाही, त्यांची नावे उपाध्यायांच्या वहीत कोण लिहिणार? तेव्हा आमच्यासारख्यांना आजा-पणजा शोधायचा तर तो दोनच ठिकाणी: सरकारच्या दप्तरात आणि ख्रिस्तमंदिराच्या नोंदवहीत. या दोहोंत कोणाचे काय चालते, हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

सरकारचा कागद भावनाशून्य असतो असे म्हणतात. आम्हाला तो त्याचा गुणच वाटतो. जमिनीच्या कागदाला एवढेच कळते की शेत कोणाकडे आहे आणि त्याचा सारा कोण भरतो. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासून गावोगावचे फेरफार लिहिले जाऊ लागले. बाप मेला की मुलांची नावे लागत, भाऊ वेगळे झाले की वाटण्या लिहिल्या जात. आता एखाद्या भावाने बाप्तिस्मा घेतला तरी त्याचा हिस्सा बुडत नसे. धर्म बदलल्यामुळे कोणाचा वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० सालीच झाला होता. त्यामुळे ज्या भावाला गावाने पंगतीतून उठवले, घराने बोलणे टाकले, तो फेरफाराच्या वहीत मात्र आपल्या हिंदू भावांच्या शेजारी, त्याच ओळीत बसलेला सापडतो. घर तुटले तरी कागद तुटला नाही. वारसांची वेगळी नोंदवही, जिला तलाठी गाव नमुना सहा-क म्हणतात, ती तर यासाठी सोन्याची खाण आहे.

महार वतनाच्या कागदांचे मोल याहून मोठे. गावची चाकरी करणाऱ्यांना मिळालेल्या या जमिनीत अनेक घरांचे हिस्से असत, आणि हिस्सेदारांची नावे सरकारला लिहावीच लागत. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाव वतने मोडीत निघाली आणि जमिनी त्या त्या वतनदारांना पुन्हा द्यायच्या ठरल्या, तेव्हा कोण कोणाचा वारस याची छाननी नव्याने झाली. ज्यांच्याजवळ कुळकथा नव्हती, ज्यांची वंशावळ कोणी भाटाने गायिली नाही, त्यांची वंशावळ एका अपमानकारक चाकरीच्या हिशेबातून शिल्लक राहावी, यातला उपरोध आम्हाला सुन्न करतो. पण शोधणाऱ्याने तो कागद नाकारू नये.

जुने कागद वाचताना दोन-तीन शब्द माहीत असले म्हणजे काम हलके होते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘भ्रतार’ शब्द आला की पुढे नवऱ्याचे नाव. लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा मोडी. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालवते, त्यांचा लाभ आपल्या तरुणांनी घ्यावा. धर्मग्रामातील एकाला जरी मोडी आली तरी शंभर घरांची सोय होईल.

जन्ममृत्यूची नोंद गावात गाव नमुना चौदामध्ये होई. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, कारण घरोघर हिंडून बातमी आणणारा कोतवाल. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामामुळे सुरू झाला, तेव्हा अनेकांनी हा शब्द प्रथमच ऐकला. तोवर ती पुस्तके तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात गाठोड्यांत बांधून पडली होती. या पुस्तकाची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसतेच, कारण बारसे व्हायच्या आधी कोतवाल येऊन गेलेला असे. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव, जात आणि तारीख, एवढेच. म्हणून नाव घेऊन शोधू जाणारा हात हलवीत परत येतो. बापाचे नाव, गाव आणि अंदाजे साल घेऊन जाणाऱ्याला यश येते. मृत्यूच्या नोंदीत मात्र नाव हमखास असते. जन्म सापडेना तर मृत्यू शोधावा, आणि तेथून वयाच्या आकड्याने मागे यावे.

जनगणनेकडे मात्र जाऊ नये. घरोघर येऊन आपली माहिती लिहून नेणारे हे खाते कोणाही एका व्यक्तीची नोंद दाखवत नाही. १९४८ च्या कायद्याने ती गोपनीय आहे आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. नाव बदललेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाचे राजपत्र आहे, त्यात जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी छापलेले मिळते.

आता आपल्या घरच्या वहीकडे येऊ. बाप्तिस्म्याची नोंदवही ही नुसती जन्माची नोंद आहे असे पुष्कळ धर्मग्रामस्थ समजतात. तसे नाही. धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे (आजच्या संहितेतील कलम ५३५) त्या एकाच नोंदीच्या समासात माणसाचे दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा वा संन्यासव्रत हे सारे टिपायचे असते. मुलीचा बाप्तिस्मा नाशिकरोडला झाला आणि लग्न वसईत लागले, तर वसईच्या फादरांनी नाशिकरोडला कळवायचे आणि तेथील फादरांनी जुन्या पानाच्या समासात ते लिहायचे. याचा अर्थ असा की ज्या माणसाचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नाही, त्याचा माग पुष्कळदा तो जेथे लहानपणी पाण्याने न्हाऊन निघाला त्या देवळाच्या वहीत, दुसऱ्या शाईने, दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलेला सापडतो. सरकारच्या कोणत्याही एका वहीत इतका लांबचा धागा नाही. मातापित्यांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावे तेथे असतात. ती बहुधा जवळच्या नात्यातली, म्हणून कुटुंबाची दुसरी फांदी त्यांच्यावरून हाती लागते.

शिवाय १९१७ च्या संहितेने घालून दिलेला एक नियम पुष्कळांना ठाऊक नाही. दर वर्षाअखेर धर्मग्रामाच्या वह्यांची एक प्रत बिशपांच्या कचेरीत पाठवायची असे. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला आणि येशूसंघीय थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. त्यापूर्वी आपण पुणे धर्मप्रांतात होतो. तेव्हा एखाद्या जुन्या धर्मग्रामाची मूळ वही वाळवीने खाल्ली असेल किंवा पावसात भिजून तिची पाने चिकटली असतील, तर निराश होण्याआधी पुण्याला विचारणा करावी. विवाहाची तर आणखी एक वाट आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने कॅथलिक धर्मगुरूंनीही दर तीन महिन्यांनी आपल्याकडील विवाहांचा तक्ता सरकारच्या निबंधकाकडे धाडायचा आहे. देवळात लागलेले लग्न असे सरकारच्याही कपाटात जाऊन बसते.

परंतु देवळाच्या वहीत एक गोष्ट सापडत नाही, आणि ती न सापडण्याचा आम्हाला अभिमानही आहे आणि जाचही. बाप्तिस्म्याच्या पाण्यापुढे जात नाही, असे आपण मानतो. आता महाराष्ट्राची परिस्थिती पाहा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना राहिला. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती बांधव बाहेरच राहिले. आपल्या राज्याने अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गीयांच्या यादीत घेतले आहे. ही सवलत मिळवायची तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून कुटुंब येथे राहत होते आणि ते कोणत्या जातीतून आले, हे कागदाने दाखवावे लागते. मग मुलाच्या प्रवेशाच्या वेळी जून महिन्यात धावपळ होते. ज्या आज्याने जात सोडली म्हणून गावाचा मार खाल्ला, त्याचीच जात नातवाला शाळेच्या जनरल रजिस्टरातून, कोतवाल बुकातून, वतनाच्या फेरफारातून हुडकून आणावी लागते. ‘ख्रिश्चन’ एवढेच लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला जात पडताळणी समितीपुढे अपुरा ठरतो. मिशनच्या शाळेतील हेडमास्तरांनी सद्भावनेने जातीचा रकाना रिकामा ठेवला असेल, तर चुलत आज्याचा, आत्याचा, म्हणजे बापाकडील रक्ताच्या कोणाही नातलगाचा जुना दाखला शोधावा. अशा वेळी फेरफार पुन्हा कामास येतो, कारण ही नाती शाबीत करणारा कागद तोच.

यासाठी आमची कुटुंबांना विनंती आहे की हा शोध मूल बारावीला बसल्यावर सुरू करू नये. आजी हयात असताना तिच्याजवळ बसून गावाचे नाव, पाटलाचे नाव, भावकीतील नावे लिहून घ्यावीत. तिचे माहेरचे नावही विसरू नये. कागदोपत्री सर्वांत जास्त हरवतात त्या स्त्रियाच. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले, घरी मनू, लग्नानंतर लक्ष्मी टिळक झाली. पतीचा बाप्तिस्मा १८९५ चा, तिचा १९०० चा, आणि १९३६ साली नाशिकलाच तिने देह ठेवला. तिने स्वतः आत्मचरित्र लिहिले म्हणून ही सारी नावे एका बाईची आहेत हे आपल्याला समजते. ज्यांनी लिहिले नाही त्या ‘काशी कोम राणू’ एवढ्यावरच संपल्या.

नाव बदलले की माणूस हातून कसा निसटतो, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या नाशिक शहरातच आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आमच्या अँग्लिकन बंधूंच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकला १८३२ साली सुरू झाले. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसवले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि त्यांतील सुटलेली मुले मुंबईस आणी. त्यांतील पुष्कळ मुले १८६० च्या सुमारास शरणपूरच्या आश्रमात आली. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले, बाप्तिस्मा दिला गेला, आणि नवी नावे मिळाली.

ही नावेच पाहा. सायमन प्राइस, कॅरस फरार, याकोब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. प्राइस हे शरणपूरच्या संस्थापकाचे आडनाव आणि फरार हे नाशिक मिशनच्या आरंभीच्या मिशनऱ्याचे. न्यासा सरोवराकाठच्या याओ जमातीचे मूल इंग्रज आडनावाने नाशिकच्या वहीत शिरले, आणि त्याच्या आईने त्याला कोणत्या नावाने हाक मारली हे बहुतेकांच्या बाबतीत त्याच क्षणी पुसले गेले. यात मिशनऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. गुलामगिरीचे जुने जग संपले असेच त्यांना सुचवायचे असावे. पण वही लिहिणाऱ्याने समासात जुने नाव आणि भाषा एवढे दोन शब्द टिपले असते तर काय बिघडले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबई इलाख्यात आले तेव्हा त्यांनी या शाळेतील नऊ तरुण आपल्या शेवटच्या प्रवासासाठी बरोबर घेतले. १८७२ साली त्यांच्या मदतीस गेलेल्या तुकडीत शरणपूरचे आणखी सहा जण होते, त्यांतच याकोब होता. लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी वारले. त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना म्हटली ती याकोबने, आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. देह सोबत्यांनी महिनोन् महिने चालत समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनविधी झाला तेव्हा शवपेटीबरोबरच्या आठ मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा एकच आफ्रिकी तरुण होता. त्याने लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. तो १८९२ साली आफ्रिकेतच वारला.

सर बार्टल फ्रेअर यांच्या शिष्टाईनंतर जंगबारच्या सुलतानाने १८७३ साली गुलामांचा बाजार बंद केला. प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासाला गेले आणि तेथे फ्रेअरटाउन ही वस्ती उभी राहिली. शरणपूरचे आफ्रिकी आश्रमवासी तिकडे हलले. तिकडच्या लोकांनी त्यांना नाव दिले ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिकला ते आफ्रिकी होते, आफ्रिकेत ते मुंबईकर झाले. यांतील विल्यम जोन्स आणि इस्माएल सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनची दीक्षा दिली. मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घायुषी ठरला. मोंबासा येथे १९३५ साली तो वारला, आणि त्याची हकिकत त्याच्या हयातीतच लिहून घेतली गेली म्हणून त्याचे जन्मनाम चेंगविंबे होते हे आज सांगता येते.

आज मोंबासाकडील एखाद्या कुटुंबाने आपला शरणपूरचा पूर्वज शोधायचे मनात आणले तर त्याने नाशिकच्या तलाठ्याकडे जाऊन उपयोग नाही. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, वतनात हिस्सा नाही, रामकुंडावर वही नाही. त्याची वाट निराळी. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, तेथे मुंबई सरकारचा एकोणिसाव्या शतकातील पत्रव्यवहार आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात चर्च मिशनरी सोसायटीचे दप्तर ठेवलेले आहे, तेथे शरणपूरहून गेलेली मिशनऱ्यांची पत्रे आहेत. आणि १८८३ साली निघालेला नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई गॅझेटियरचा सोळावा खंड, हा आरंभाला चाळावा. तो जिल्ह्याच्या ठिकाणी वाचनालयात पाहायला मिळतो. शोध घेताना इंग्रज आडनावावर भिस्त ठेवू नये, कारण एकाच मिशनऱ्याचे आडनाव नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या अनेक मुलांना मिळू शके. गलबत पकडल्याचे साल, शरणपूरला आल्याचे साल आणि शिकलेला धंदा, या तीन गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच आहे असे म्हणावे.